स्वतः की वारस

“वैनी, ओटीपी सांगा. पंधरा मिनिटंच चालतंय त्ये,” सम्मेद म्हणाला आणि त्यानं पुन्हा संगणकात डोकं घातलं.

अंजनाच्या हातात नवऱ्याचा मोबाईल होता. बाहुबलीला जाऊन तीन महिने होत आले, तरी ती तो रोज चार्जिंगला लावायची, रिचार्जही चुकवायची नाही. मोबाईलवर सहा आकडे येऊन बसले होते. राजारामपुरीतल्या त्या कर सल्लागाराच्या ऑफिसात खुर्च्या संपून माणसं जिन्यात उभी होती. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचा आजचा शेवटचा दिवस.

बाहुबली दूध संघात हेडक्लार्क. फॉर्म सोळा हातात पडला की दुसऱ्या दिवशी या जिन्यावर हजर. सत्तावीस वर्षांत एकदाही तारीख चुकली नाही, याचा त्याला केवढा तोरा. लग्नाचा वाढदिवस मात्र दरवर्षी खुशाल विसरायचा. यंदाचा फॉर्म आला आणि आठवड्यात माणूसच गेला.

सम्मेदनं जुलैतच बजावलं होतं की मृत्यूचा दाखला आणा, आधी वारस म्हणून तुमचं नाव लावू, मग रिटर्न; मंजुरीला दिवस लागतात. अंजना आधी म्हणाली, पाऊस उघडू दे. मग म्हणाली, पर्युषण होऊ दे. यंदा मुदतच सप्टेंबरपर्यंत होती, ते तिच्या पथ्यावर पडलं. खरं कारण एकच होतं. तो दाखला कुणाच्या हातात दिला, की तो गेला हे तिनं स्वतः कबूल केल्यासारखं होणार होतं. आज तो पिशवीत होता, पण तिनं बाहेर काढला नव्हता.

“आता मंजुरी येस्तोवर तारीख जातीय,” सम्मेद हळू आवाजात म्हणाला. “आण्णांच्याच नावानं भरून टाकू. मोबाईल चालू हाय. कोण बघाय येतंय? सत्तावीस वर्सांत डाग न्हाय त्यास्नी, आता कशाला?”

तो काही लबाड माणूस नव्हता. बाहुबलीला तो आण्णा म्हणायचा; बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्याच्याच शेजारी बसून त्यानं पूजा शिकली होती. पण ‘डाग’ हा शब्द अंजनाच्या वर्मी लागला. उशीर तिनं केला होता आणि डाग लागणार होता त्याच्या नावाला.

“वैनी, पाच मिनिटं ऱ्हायली.”

“सहीच्या जागी काय लिवलंय? वाचून दाखव.”

सम्मेद इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागला. “मी, बाहुबली आदगोंडा पाटील, वरची माहिती खरी हाय असं जाहीर करतो. आणि ह्ये रिटर्न मी भरतोय त्ये...” तो अडखळला. “हितं निवडायचं असतंय. स्वतः का वारस.”

“तू काय निवडलंयस?”

“स्वतः.”

अंजनाला तिचा भाऊ आठवला. तोही दूध संघातच होता. एकदा उशीर होणार म्हणून त्यानं बाहुबलीला हजेरीपटावर आपल्या नावाची सही ठोकायला सांगितली. बाहुबली म्हणाला, उशिरा आलास तर उशीर लाव. भाऊ दोन वर्षं बोलला नाही आणि अंजनानंही भावाचीच बाजू घेतली होती. आत्ता तिला आपलीच लाज वाटली.

मोबाईलवरच्या आकड्यांची मुदत संपली.

“दुसरा मागवू?”

“नगो. उशीर झालाय, तर उशीर लागू दे. माझ्यामुळं झालाय.”

“दंड बसंल.”

“बसू दे की.”

तिनं दाखला काढून टेबलावर ठेवला. सम्मेदनं तो पुढ्यात ओढून घेतला. मग त्यानं वारसाचा अर्ज उघडला. जिन्यातून कुणीतरी आपला नंबर कधी म्हणून विचारलं, त्याला त्यानं हातानंच थांबवलं.

“तारीख?”

दाखल्यावर ती ठळक छापलेली होती. तरी त्यानं विचारलं.

“एकवीस जून,” अंजना म्हणाली.

“तुमचं नातं?”

“बायको.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला तिनं पदर उचलला नाही. सम्मेद विचारत गेला आणि ती सगळ्यांसमोर एकेक सांगत गेली.