पातेलं कुणी आणायचं

बन्सीनं ओट्यावर सगळं सामान मांडलं होतं आणि त्याला काही सुधरत नव्हतं. एक घोंगडी, तांदूळ-डाळीची पुरचुंडी, मीठ, तिखट, पंक्चरचा डबा, हवेचा पंप, सुतळी, काडेपेटी, कंदील. कंदील उचलला आणि परत ठेवला. घासलेट रेशनवर मिळत होतं, आणि तेही आईनं सणापुरतं राखून ठेवलेलं. लढाई संपून वर्ष होऊन गेलं तरी रेशन काही संपलं नव्हतं. पुन्हा कंदील उचलला. अंधारात साप आला तर? पुन्हा ठेवला. जे घ्यायचं ते सायकलीच्या कॅरिअरवर बसलं पाहिजे, आणि अकोल्याच्या पुढं चढ असा की सायकलीवर बसायचं नावच नको, हातानं ढकलायची. हौसेनं घेतलेली प्रत्येक वस्तू तिथं छातीवर येणार.

पण कंदील हा काही खरा घोळ नव्हता. खरा घोळ पातेल्याचा होता.

बन्सी आणि जैनुद्दीन नगरला एकाच सायकलच्या दुकानात कामाला होते. पोरवयापासून एका बाकावर बसून दोघांनी चाकांचे आरे आवळले. दिवाळी झाल्यावर मालकानं सुट्टी दिली, दोन जुन्या सायकली दिल्या, आणि दोघांनी ठरवलं की भंडारदऱ्याचं धरण बघून यायचं. खानावळ नको, धर्मशाळा नको. उघड्यावर झोपायचं, हातानं शिजवून खायचं.

जैनूनं कायदा घातला होता. "दोघांत मिळून एकच जिन्नस. एक ताडपत्री, एक पंप, एक पातेलं. दोन-दोन घेतलं तर सायकली कशाला, आपनच गाढवं व्हायाचं."

ताडपत्री जैनूकडं आली, कारण त्याचा मामा लढाईत लष्कराचे तंबू शिवायला होता आणि घरात तुकडे पडलेले होते. पंप बन्सीकडं. राहिलं पातेलं.

"पातेल्याचं तू बघ," जैनू म्हणाला.

"तूच बघ की," बन्सी म्हणाला.

"बरं, बघू."

आणि दोघंही घरी गेले.

आता हे 'बघू' काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडं असल्या गोष्टी कुणी सांगत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतात. जैनूच्या घरी ईद आली की त्याची आई बद्रुन्निसा बन्सीच्या घरी शेवया, साखर, खारका पाठवायची. कोरड्या. शिजवलेलं नाही, कारण शिजवलेलं चालत नाही. बन्सीची आई बनुबाई दिवाळीला लाडू-करंज्या पाठवायची, आणि ते जैनूच्या घरी ताटात घेऊन खाल्ले जायचे. इतकी वर्षं हे असंच चाललं. बन्सी जैनूच्या ओसरीवर तासन् तास बसे आणि तहान लागली की घरी येऊन पाणी पिई. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. दोस्ती म्हणून मोहल्ल्यात नाव होतं दोघांचं. थू असल्या दोस्तीवर, असं एकानंही कधी म्हटलं नाही.

"हे बघ, आपलं पातेलं घेऊन जा," बनुबाई आतून म्हणाली. "आन तांब्या. त्याचं त्याला, तुझं तुला. मागनं कुनी बोलाया नको."

"व्हय," बन्सी म्हणाला.

पातेलं हातात घेऊन तो ओट्यावर बसला. हे नेलं तर जैनू समजणार, की बन्सीला माझं भांडं चालत नाही. नाही नेलं तर जैनूच्या पातेल्यात शिजणार आणि ते आपण जेवणार. जेवणार का?  जेवलो तर काय होईल? काही होत नाही. मग आजवर का नाही जेवलो?  शेवटी आईची पाठ वळल्यावर त्यानं पातेलं उतरंडीमागं सरकवलं, आणि घोंगडीची वळकटी पातेलं आत असल्यासारखी फुगवून बांधली. छाती फुगली त्याची. आपण फार मोठं काम केलं असं वाटलं. कुणालाही न दिसेल अशा बेतानं केलेलं मोठं काम.

सकाळी दोघं निघाले. जैनूच्या कॅरिअरवर ताडपत्रीचा भला मोठा गठ्ठा. बन्सी मनात म्हणाला, आहे, पातेलं आत आहे. ऊन चढलं तसे पाय भरून आले, सायकलींच्या साखळ्या दोनदा उतरल्या. उतरत्या उन्हात राहुरीच्या अलीकडं एका विहिरीजवळ बाभळीखाली त्यांनी मुक्काम टाकला. बन्सीनं तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, तांदूळ-डाळ काढली.

"आन," तो म्हणाला.

"काय आनू?"

"पातेलं."

जैनूनं त्याच्याकडं बघितलं. "तू आनलंस ना?"

"मी कशाला आनू? तुझं हाय की."

"माझं कशाला असंल? तुला माझं चालतं व्हय?" जैनू उठून उभा राहिला. "मी मुद्दाम ठेवलं घरी. म्हनलं बन्सीचंच असू दे, त्याला अवघडल्यावानी नको."

"आन मी मुद्दाम ठेवलं, की तुझ्यात जेवावं म्हनून."

जाळ नुसता जळत होता. तांदूळ पुरचुंडीत. बन्सीला हसू यायला लागलं होतं, पण जैनूचं तोंड बघून ते आत गेलं.

"हे कवा ठरवलंस?"

"काल."

"आन मला सांगायचं न्हाई? इतकी वर्सं माझ्या दारात तू पानी घेतलं न्हाईस, ते मला न सांगता कळत हुतं. आता हेबी न सांगताच कळावं?"

बन्सीला वाटलं होतं जैनू खूष होईल. तो उठला आणि विहिरीपलीकडच्या वस्तीवर पातेलं मागायला गेला. जैनू मागं मागं आला, पण कुडाशी थांबला.

गोजरबाई नावाची म्हातारी दारात शेंगा फोडत होती. तिनं दोघांना खालवर बघितलं. "कुन्या गावचं? कोन तुमी?"

"नगरचं. मराठ्याचं हाय आमी."

"आन त्यो?"

बन्सीच्या तोंडून आपसूक निघालं, "त्यो कानिफनाथ. भाऊच हाय माझा."

म्हातारीनं जर्मन धातूचं पातेलं पुढं केलं. परत येताना जैनू दहा पावलं मागं चालला. खिचडी चढली, शिजली, वास सुटला. बन्सीनं उतरवली.

"बस."

"कानिफनाथ जेवंल," जैनू म्हणाला. "त्याला बोलाव. मी ताडपत्री बांधतो."

"अरं, पातेलं मिळालं नसतं."

"मग नसतं मिळालं. तांदूळ चावून खाल्लं असतं. माझं नाव इकून मला खिचडी नको."

बन्सीच्या डोक्यात सगळा गुंता. खोटं बोललो तर रागावतो, खरं बोललो असतो तर उपाशी. मग करायचं काय माणसानं? खिचडी तशीच ठेवून तो उठला आणि वस्तीवर गेला.

"आजी, त्यो कानिफनाथ न्हाई. जैनुद्दीन हाय. दुकानात माझ्यासंगं असतो."

गोजरबाईचे हात शेंगांत थांबले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हिशेबी आवाजात म्हणाली, "मंग सकाळी भांडं आनून त्या दगडावर ठेवा. इस्तू टाकून शुद्ध करून घेईन." आणि मग, "तू जेवनार हायस का त्याच्यासंगं?"

हे आजवर बन्सीला कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. आईनं नाही, जैनूनंही नाही.

"व्हय," तो म्हणाला.

"मंग तूबी कुडाच्या भायेर हो."

तो झाला.

बाभळीखाली जैनू ताडपत्रीवर पाठ करून पडला होता. बन्सीनं पातेलं त्याच्यापुढं ठेवलं. "सांगितलं तिला."

"काय?"

"तुझं नाव."

जैनू उठून बसला. ताटं नव्हतीच, ती दोघांनीही आणली नव्हती. दोघांनी एकाच पातेल्यात हात घातला. बन्सीचा पहिला घास तोंडातच राहिला. स्वतःच्या हातानं शिजवलेली खिचडी, परक्या म्हातारीचं भांडं, आणि तरी गिळवेना. त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं डोळे मिटून घास गिळला.

जैनूनं ते बघितलं.

"हळू खा," तो म्हणाला. "भंडारदरा लांब हाय अजून."