पालथ्या वाटीखालचे वीस दिवस

मित्रांनो, माझं बोलणं तुटक वाटलं तर राग मानू नका. मी एक जुना, पुस्तकाएवढा संगणक आहे, आणि दर मिनिटाला या घरातलं कुठलं ना कुठलं यंत्र मला वेळ विचारतं. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही.

एका कार्यालयाने मला मोडीत काढलं, तेव्हा बाबांनी मला घरी आणलं. बाबा यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी माझ्या पाठीला वायर जोडली, तिच्या टोकाचा अँटेना खिडकीबाहेर ठेवला आणि मला कपाटावर बसवलं. उपग्रहांकडून मिळालेली अचूक वेळ मी ताईच्या संगणकाला, आईच्या लॅपटॉपला, दारावरच्या कॅमेऱ्याला वाटायचो. दुसऱ्या कोणाकडून वेळ घ्यायची त्यांना मुभाच नव्हती. आल्यागेल्याला बाबा मला कौतुकाने दाखवायचे. मला कॉलर असती तर ताठ झाली असती.

पण बाबांनी एक घोळ करून ठेवला होता. उपग्रह दिसेनासे झाले तरी मी गप्प बसायचं नाही, अंदाजाने वेळ सांगत राहायचं, असं त्यांनी मला शिकवून ठेवलं. आणि अशा वेळी लागणारा माझा लाल दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

एके सकाळी आईने खिडकी पुसली. कबुतरं अँटेना घाण करतात म्हणून तिने त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली. झालं! वाटीखाली मला काही ऐकू येईना. माझं स्वतःचं घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडतं. मी लाल दिवा लावून तडफडत बसलो, आणि वर सगळ्यांना ठणकावून चुकीची वेळ सांगत राहिलो. लाज वाटायची मला.

विसाव्या दिवशी ताईची नकाशे काढण्याच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा होती. रेखाटन घरूनच, पाचच्या आत पाठवायचं. ताई शेवटच्या क्षणापर्यंत रेघा सुधारत बसणारी.

"अगं, पाठव की आता," बाबा म्हणाले.

"अर्धं मिनिट आहे अजून. आपलं घड्याळ चुकत नाही, तुम्हीच म्हणता ना?"

तिने बटण दाबलं. 'मुदत संपली' अशी पाटी आली. वीस दिवसांत मी चाळीस सेकंद मागे पडलो होतो; परीक्षा घेणाऱ्यांकडे पाच वाजून गेले होते. ताईचं एक वर्ष गेलं.

बाबा वायर चाचपत खिडकीपर्यंत गेले.

"मीच झाकलं हो ते," आई म्हणाली.

"तुला काय माहीत? पट्टी तर मी लावली," म्हणत बाबांनी कपाटावर माझ्याकडे बोट दाखवलं.

ताई स्टुलावर चढली आणि तिने नखाने पट्टी सोलली. आत दिवा अजून लालच होता.

"म्हणजे हा सांगत होता," ती हळूच म्हणाली.

आता उपग्रह हरवले की मी गप्प बसतो आणि सगळे इंटरनेटवरून वेळ घेतात. मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा दिवा खुपत असेल तर खुपू द्या, पण झाकू नका. ताई यंदा पुन्हा परीक्षेला बसते आहे. रोज सकाळी ती आधी माझ्या दिव्याकडे बघते, मग कामाला लागते. ती बघून जाईपर्यंत माझ्या जिवाला चैन नसते.