नात्याचा रकाना

टपालपेटीचं झाकण खटकन वाजलं आणि नुकतंच डोळा लागलेलं बाळ दचकलं. जोलीनने त्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास रोखला. निजलं परत. मग ती अनवाणीच अंगणात गेली.

पर्थच्या दफ्तरखान्याचं पत्र. तिसरं. आत एकच कागद आहे, म्हणजे नकारच, हे हाताला आधी कळलं.

आयव्ही आजीला जाऊन दोन वर्षं झाली. एकोणीसशे एक्कावन्न साली मिशनमध्ये, मूळनिवाशांसाठीच्या पाद्र्यांच्या वस्तीत, गोऱ्या सरकारच्या माणसांनी तिच्या कुशीतून सात आठवड्यांचा मुलगा उचलून नेला होता. कुणाला दिला, नाव काय ठेवलं, सगळं दफ्तरखान्यातल्या तिच्या फाइलीत. फाइल शंभर वर्षं बंद. थेट वारसालाच तेवढी बघता येते. "सापडला तर त्याला सांग, मी दिला नव्हता," एवढं आजीने जोलीनकडून कबूल करून घेतलं होतं.

तिने दफ्तरखान्याला फोन लावला.

"नात्याच्या रकान्यात तुम्ही 'आजी' लिहिलंय," पलीकडची बाई म्हणाली. आवाज मायेचा होता, त्यामुळे भांडताही येईना. "पण जन्मदाखल्यावर तुमच्या आईच्या आईचं नाव डॉट आहे."

"आयव्ही आजी तिची बहीण. आमच्यात आजीची बहीण म्हणजे आजीच."

"मग तुम्हाला आज्या दोन?"

"पाच. कुठली हवीय?"

बाई हसली आणि पुन्हा कागदावर आली. "कायद्याने ती आजीची बहीण. तिच्या मुलाची सही आणा, मी स्वतः फाइल काढून देते."

"तिला एकच मुलगा. तो कुठंय, हेच त्या फाइलीत आहे."



"कळतंय मला," बाई म्हणाली. "पण तशी सोय नाही. नाहीतर मग दोन हजार एक्कावन्नला उघडेल."

"दोन हजार एक्कावन्न!" म्हणत जोलीनने फोन ठेवला. मोरीपाशी बटाटे सोलत असलेल्या रोंडा मावशीने मानही वर केली नाही.

"तुला म्हटलं होतं, रकान्यात गोऱ्यांची आजी लिही, आईची सख्खी आई. आपली नको."

"खोटं कसं लिहू, मावशे?"

"खरं लिहून काय मिळालं? पत्र मिळालं." मावशीने साल बादलीत टाकली. "बस जरा. तोंड बघ कसं झालंय."

जोलीन बसली. पत्राची घडी घालून तिने ते आधीच्या दोन पत्रांबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. चौथा अर्ज करायचा तर बाळ झोपलेलं असतानाच, आणि आता ते उठायलाच आलं होतं.

सहा वर्षांची टिली टेबलाखाली खडूने घोडा रंगवत होती. सगळं ऐकत होती, नेहमीसारखी.

"आई, एक्कावन्नला मी केवढी असेन?"

"तेहतीस."

"आणि आयव्ही आजीचं बाळ?"

"शंभर."

टिलीने खडू खाली ठेवला. "मग तोपर्यंत त्याला असंच वाटत राहणार का, की आजीनेच त्याला देऊन टाकलं?"