गार लागलं म्हणून

"अरे, हे सफरचंद आहे की थर्माकोल?" मी फोड दाताखाली धरत विचारलं. "खायचं, का पार्सलात भरायचं?"

"ताई, जरा पाण्यात टाकून बघ," भाऊ म्हणाला.

टाकली. फोड फुगली आणि चव अगदी सफरचंदाची निघाली. मी ते कबूल केलं नाही. लगेच कबूल करायला मी काय धाकटी बहीण आहे?

माझा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. उभी हयात त्यातच गेली. भावजय गेल्यापासून मी त्याच्याकडे राहते, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात पदार्थ सुकवायच्या मशीनचं हे धूड बसलंय. बंद पडलेल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून त्याने ते आणलं, पंप खोलला, तेल बदललं, दाराला नवं रबर बसवलं. जिन्नस आधी दगडासारखा गोठवायचा, मग आतली हवा पंपाने खेचून घ्यायची आणि ट्रेंना हळूहळू ऊब द्यायची. बर्फाचं पाणी होतच नाही म्हणे, सरळ वाफ होऊन निघून जातो. मागे राहतो तो कोरडा ठणठणीत पदार्थ, वर्षानुवर्षं टिकणारा. पंप दिवसभर घरघरतो, त्यामुळे भावाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तशी मी एरवीही ओरडतेच म्हणा.

केळ्याचे काप झाले, मटार झाले, बटाट्याच्या चकत्या झाल्या. सगळं पातळ पसरलेलं, सगळं खुटखुटीत. शेजारी हसायचे, "बायको गेली नि याला खेळणं सापडलं." हसेनात का मेले. हे कशासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं.

फ्रीझरमध्ये एक डबा होता. भावजयीने अंगात ताप असताना केलेलं गाजराचं सूप. "दोन दिवस बघायला नको," म्हणत पातेलंभर करून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी झोपेतच गेली. त्यांची एकुलती एक पोर जहाजावर नोकरीला. आई गेली तेव्हा ती भर समुद्रात होती, शेवटचं तोंड बघायलाही पोहोचली नाही. फोनवर रडून झाल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, आईच्या हातचं काही उरलंय का हो?"

"आहे. तुझ्यासाठी ठेवतो," हा म्हणाला.

पण तिची सुट्टी पुढे पुढे जात राहिली. इकडे विजेचा लपंडाव, डब्यातलं सूप कडेने वितळायला लागलेलं. शिवाय सुकवलेलं असलं की बरोबर नेईल, तिकडे गरम पाणी घालून खाईल. म्हणून हा सगळा खटाटोप.

मग एक दिवस त्याने सूप ट्रेमध्ये ओतायला घेतलं. चमच्याभराचंही नुकसान नको म्हणून सगळं एकाच ट्रेमध्ये ओतलं, चांगला जाड थर झाला. मशीन थांबल्यावर त्याने दार उघडलं आणि ट्रेच्या मध्यावर तळवा टेकवला.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"गार आहे. झकास!"

गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये हात घालून हा नेहमी असंच म्हणतो. त्याने चुरा बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फडताळात मागे ठेवून दिली. त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवला.

पोरगी आली ती वाळून काडी झालेली. मी म्हटलं आधी जेव, पण तिला सूपच हवं होतं. मी पाणी गरम करायला ठेवलं. भावाने दोन्ही हातांनी बरणी आणली आणि झाकण फिरवलं.

आंबूस भपकारा आला. आत गोळा झाला होता आणि त्यावर हिरवी बुरशी.

भावाने हात घालून गोळा फोडला. "मध्ये ओल राहिली," तो म्हणाला. "ट्रे गार लागला म्हणजे आत बर्फ शिल्लक आहे. पुन्हा लावायचं असतं. माहीत होतं गं मला! पण हाताला गार लागलं की माझं डोकं म्हणतं, झालं काम."

"जाऊ द्या हो बाबा."

"तुझी आई गेली तेव्हाही असंच." तो बुरशी लागलेल्या बोटांकडे बघत होता. "पहाटे तिच्या कपाळाला हात लावला. गार लागलं. म्हटलं, चला, उतरला ताप. पांघरूण नीट केलं आणि कामावर गेलो."

इतके महिने एका घरात राहतोय आम्ही, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

पोरीने बरणी त्याच्या हातून काढून घेतली आणि त्याला मोरीशी नेलं. सुपासाठी तापवलेलं पाणी तिने त्याच्या हातांवर ओतलं आणि एकेक बोट साबणाने चोळून धुवायला लागली.

"पोळतंय का बाबा?"

त्याने हात तसेच पुढे धरले. पोटातून हुंदके देत होता तो, आणि मी तशीच उभी, हातात तीन चमचे घेऊन.