सेन्सर ओ देत नाही

मी दवाखान्यातला औषधवाला. औषधं माझ्या ताब्यात, लसींचा फ्रीज माझ्या ताब्यात. फक्त जीभ ताब्यात नाही, असं आमच्या सिस्टर म्हणतात.

त्या फ्रीजमध्ये काडेपेटीएवढा एक सेन्सर आहे. फ्रीजवर ठेवलेला छोटा लिनक्स कॉम्प्युटर दर मिनिटाला ब्लूटूथवरून त्याच्याकडून तापमान घेतो आणि नोंदवतो. नियम सरळ आहे: नोंद सलग नसेल तर लस टाकून द्यायची. सोमवारपासून दिवसाच्या नोंदींत भोकं पडू लागली, आणि गुरुवारी चारला तपासनीस बाई येणार होत्या. आत दोनशे पोरांच्या लसी होत्या. नवा साठा दोन महिने मिळणार नव्हता.

निकाल मी बुधवारीच लावून टाकला. "सिस्टर, फ्रीज आवरताना तुम्हीच सेन्सरला हात लावलात. दुसरं काही नाही!" त्या ट्रे उचलून निघून गेल्या. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

गुरुवारी सकाळी भाचीला बोलावलं. ही पोरगी असल्या यंत्रांचंच काम करते. घरात तिला आम्ही 'सावकाश' म्हणतो. तिची वाट बघताना बाकीच्यांची ताटं वाळतात. आली, स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला आणि शेजारी वही ठेवली.

"सगळं एकदा बंद करून चालू कर ना," मी म्हणालो.

"तसं केलं तर बिघाड तेवढ्यापुरता पळेल, मामा. आणि बरोबर चार वाजता परत येईल."

तिने कॉम्प्युटरला आजूबाजूचं ब्लूटूथ शोधायला लावलं. सिस्टरांचं घड्याळ दिसलं, शेजारच्या खोलीतले कुणाचे तरी हेडफोन दिसले. म्हणजे कॉम्प्युटरचे कान शाबूत होते. सेन्सरचा मात्र पत्ता नाही. तिने त्याची बॅटरी मीटरने मोजली; भरलेली. मग कॉम्प्युटरची जागा हलवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत वेळ लिहायची, असा तिचा खाक्या. मी तिच्या डोक्यावर उभा राहून घड्याळ बघत होतो.

"मामा, तू चहा पिऊन ये बरं."

परत आलो तर म्हणाली, "आला होता तुझा सेन्सर. आत्ता परत गेला." थोड्या वेळाने मला पोस्टात पिटाळलं, मग पेन आणायला, मग पुन्हा चहाला. माझी कटकट नको म्हणून घालवते आहे, असंच मला वाटलं. रागही आला.

दोन वाजता तिने दार लोटलं. "मामा, तुझा फोन बघू."

फोन खिशात होता. सोमवारी मी त्यात या सेन्सरचं ॲप घेतलं होतं. कॉम्प्युटरवर कोण भरवसा ठेवणार? आपण आपल्या डोळ्यांनी तापमान बघितलेलं बरं.

"हा सेन्सर एका वेळी एकालाच जोडला जातो," ती म्हणाली. "रिकामा असला की 'मी इथे आहे' अशी हाक मारत राहतो. कुणी धरला की गप्प. कॉम्प्युटर आकडा घेतो आणि त्याला सोडतो. तुझा फोन एकदा चिकटला की सोडतच नाही. मग कॉम्प्युटरला तो दिसणार कसा?"

वहीत सगळं होतं. मामा बाहेर, सेन्सर दिसला. मामा आत, सेन्सर गेला. असं चार वेळा.

"पहिल्याच चहाला कळलं होतं ना तुला?"

"शंका आली होती. पण एकदा जुळलं तर तो योगायोगही असतो. माणसावर बोट ठेवायचं तर खात्री नको?"

मी खाली बसलो. सिस्टरांवर बोट ठेवायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं.

"बाहेर मी एवढंच सांगते की बिघाड होता, सुटला," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मग आधीची भोकं तशीच राहतील." तिने ॲप उघडून फोन माझ्यापुढे धरला. सोमवारपासून हरवलेलं मिनिट न् मिनिट त्यात होतं. चार अंश, साडेचार, पाच. सगळं मर्यादेत. फोन लपवला तर माझी अब्रू वाचणार होती आणि लसी कचऱ्यात जाणार होत्या.

चारला बाई आल्या. भाचीने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. एक जिथे तुटत होती, तिथेच दुसरी सुरू होत होती.

"हा फोन कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा," मी म्हणालो. "आणि बिघाडही माझाच. सिस्टरांनी कशाला हात लावला नव्हता. मी त्यांच्यावर उगाच ओरडलो."

सिस्टर ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. माझे कान तापले. बाईंनी पाऊण तास एकेक ओळ ताडून बघितली आणि सही केली. "साठा ठेवा. ते ॲप मात्र काढा."

भाची वायरी गुंडाळत होती. एवढ्याशा वयात एवढा धीर हिने आणला कुठून? आमच्या घराण्यात तर तो औषधालाही नाही. तिला तसं सांगितलं, तर लाजून हसली.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मग उद्या बोलवू मुलांना?"

"बोलवा."

त्यांनी यादी पुढे ओढली आणि पहिल्या आईला फोन लावला. "हो, हो," त्या सांगत होत्या, "आहे लस. सकाळी घेऊन या बाळाला."