आज कान पिळायचा नाही

सलूनवाल्याला सगळी गल्ली ‘कानपिळे’ म्हणायची. नव्या माणसाला ते आडनाव वाटायचं, पण ती पदवी होती. सलूनमध्ये आरशाशेजारच्या फळीवर त्याचा रेडिओ होता आणि रेडिओला एक जाडजूड बटण. नवं गाणं लागलं आणि ते मनात उतरलं नाही, की वस्तरा डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने तो ते बटण असं करकचून पिळायचा, जसा काही संगीतकाराचाच कान! आवाज बंद. गाणं संपलं असेल असा अंदाज आला की रेडिओ परत सुरू. मधे एक शब्द नाही. ज्याचा कान पिळला त्याच्याबद्दल बोलून तोंड कशाला दुखवायचं, असं त्याचं सरळ म्हणणं.

यावरून कुणाला वाटेल, स्वारी जुन्या गाण्यांवर लट्टू असणार. छे! जुन्या गाण्यांचं नाव काढलं की तो हात झटकायचा. “ती पास झालेली पोरं आहेत हो! त्यांची काय परीक्षा घ्यायची? मजा आहे ती नव्यात. कोरं करकरीत गाणं. कुणी चांगलं म्हटलेलं नाही, कुणी वाईट म्हटलेलं नाही. पहिला निकाल आपल्या कानाचा!” मुखड्यावर मात्र तो कधी भाळला नाही. मुखडा म्हणजे दुकानाची पाटी, खरा माल अंतऱ्यात, हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून पहिला अंतरा संपेपर्यंत तो दम धरायचा. तेवढा वेळ गिऱ्हाइकंही चिडीचूप बसायची. गळ्याशी वस्तरा असताना बडबड कोण करणार?

आज मात्र कानपिळ्याचंच धाबं दणाणलं होतं. सकाळच्या नव्या गाण्यांच्या कार्यक्रमात त्याच्या लेकीचं गाणं लागणार होतं.

गाणारी दुसरीच कुणीतरी होती, चाल लेकीची. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि घरी आलं की कानाला हेडफोन लावून कीबोर्डपुढे ठाण मांडायचं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. आता स्टुडिओवाले म्हणत होते, नोकरी सोड आणि पूर्णवेळ आमच्याकडे ये. आज उत्तर द्यायचं होतं. आदल्या दिवशी जेवताना तिने बापाला बजावलं होतं.

“बाबा, स्टुडिओत सगळे सगळ्यालाच छान म्हणतात. गाणं छान, चहा छान, खुर्चीसुद्धा छान. त्यांच्या छानवर मी नोकरी सोडणार नाही. मला तुमचा कान हवाय. नाही आवडलं तर खुशाल पिळा, मी आनंदाने चष्मे विकेन. पण मला बरं वाटावं म्हणून खोटी वाहवा केलीत ना, तर पुन्हा तुमच्यापुढे एक सूर वाजवणार नाही.”

“गाणं कितवं आहे, ते तरी सांग,” बाप म्हणाला.

“मुळीच नाही सांगणार.”

हे झालं लेकीचं. सकाळी सलून उघडायच्या आधी बायकोने त्याला गाठलं. “अहो, एक सांगून ठेवते. आज कान पिळायचा नाही.”

“अगं, पण ती स्वतःच म्हणाली...”

“ती म्हणेल! पोरगी किती खपलीय, मी बघितलंय. तुमचा हात आज त्या बटणाकडे गेला तर माझ्याशी गाठ आहे.”

जन्मभर कात्री चालवणारा माणूस आज स्वतःच कात्रीत सापडला.

घर सलूनच्या मागेच, मधे एक पडदा. पडद्याआड बायको इस्त्रीला उभी राहिली. लेक तिच्या शेजारी, नखं खात. पुढे खुर्चीत निवृत्त पोस्टमन तोंडाला फेस लावून बसलेले, बाकावर बेकरीवाला पेपर वाचतोय. आणि निवेदिका रेडिओवरून लाडिक आवाजात म्हणाली, “आता ऐकू या, एका नव्याकोऱ्या संगीतकाराचं पहिलंवहिलं गाणं!”

हेच! कानपिळ्याने कान टवकारले.

आणि मग जे सुरू झालं, ते काय वर्णावं! आधी भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखा दणका. मग कुणीतरी ‘ये, ये, ये’ म्हणत सुटला. कोण ये, कुठे ये, काही पत्ता नाही. अंतरा कधी आला आणि कधी गेला, त्याचं त्यालाच ठाऊक. कानपिळ्याचा उजवा हात आपसूक वर उठला. त्याने तो खाली ओढला आणि पॅन्टच्या खिशात कोंबला. पोरीने एवढं खपून हे केलं? हे? आणि त्याच क्षणी, ज्या तोंडाने कधी खोटा निकाल दिला नव्हता, त्या तोंडातून शब्द बाहेर पडले, “वा! वा! क्या बात है!”

पोस्टमनांनी फेसातून डोळे वटारले. बेकरीवाल्याने पेपर खाली केला. “कानपिळे, तब्येत बरी आहे ना?”

“अहो, अंतरा काय उचललाय!” कानपिळे पडद्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला. “असा अंतरा ऐकलाच नव्हता!”

“अंतरा? होता कुठे?” बेकरीवाला म्हणाला.

गाणं थांबलं. निवेदिकेने संगीतकाराचं नाव घेतलं. कुणीतरी भलताच गृहस्थ निघाला.

पडदा सरकला. लेक दारात उभी होती. चेहरा पांढराफटक.

“बाबा, हे माझं नव्हतं.”

कानपिळ्याला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“तुम्हाला माझं वाटलं म्हणून ही वाहवा, ना?” ती म्हणाली. “आता माझं लागेल तेव्हा तुम्ही काहीही म्हणा. मला त्यातलं खरं कुठलं, हे कसं कळणार?”

आतून बायको इस्त्री आपटत म्हणाली, “माझंच चुकलं गं! मीच त्यांना दम दिला होता.” पण लेकीने मागे वळूनही पाहिलं नाही. पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच त्याने मातीत घातली होती. तोंड लपवायला जागा नाही म्हणून तो पोस्टमनांच्या गालावर वाकला. दुसरं गाणं सुरू झालं होतं, पण ऐकायची इच्छा कुणाला होती?

नुसता एका बाईचा आवाज. वाद्यं नाहीत. माडीवरून कुणी आपल्याच माणसाला हाक मारावी, तशी सुरुवात. मुखडा बरा होता. असेना, पाटीच ती, कानपिळ्याने मनात म्हटलं आणि वस्तरा फिरवला. मग अंतरा आला. सगळे अंतऱ्यात वर चढतात. ही बाई खाली उतरायला लागली. एकेक सूर चाचपत, सावकाश, आणि जिथे आता संपलं असं वाटलं तिथून आणखी एक सूर खाली. वस्तरा थांबला. कानपिळ्याला सलून दिसेना, पोस्टमन दिसेनात, दारातली लेकसुद्धा दिसेना. किती दिवसांनी! या एका अंतऱ्यासाठी माणूस महिनोन्‌महिने रद्दी गाणी ऐकत राहतो आणि तो असा अवचित समोर येऊन उभा राहतो.

अंतरा संपला. त्याचा हात बटणाकडे गेला. आत इस्त्री थांबली. बेकरीवाल्याने श्वास रोखला. आणि आवाज वाढला, एवढा वाढला की फळीवरचे कंगवे थरथरले.

दुसऱ्या अंतऱ्यात एक बासरी शिरली आणि कानपिळ्याचं टाळकं सटकलं.

“अरे, कुणी सांगितलं होतं ही बासरी घालायला!” तो थेट रेडिओवरच खेकसला. “बाई एकटी गातेय, काळीज पिळवटतेय, आणि तू मधेच पिरपिर लावलीस? सोन्यासारख्या गाण्यात लुडबुड! कोण आहे तो शहाणा? आणा त्याला माझ्यासमोर!”

“मी आहे,” लेक म्हणाली.

“काय?”

“बासरी मीच घातली. चालही माझीच.”

रेडिओवर निवेदिकेने नाव घेतलं. लेकीचं, आडनावासकट, स्वच्छ.

बायको पडद्यातून बाहेर आली, डोळे पुसत, आणि नवऱ्याला डोळ्यांनी खुणावू लागली, की सावरून घ्या, बासरीही गोड होती म्हणा. पण कानपिळे आता सावरणाऱ्यातला राहिला नव्हता.

“तुझी असली म्हणून काय झालं? चुकलीच आहे ती!” तो म्हणाला. “तो पहिला अंतरा करणारी मुलगी अशी बासरी घालते? पोरी, तो खाली उतरला तेव्हा मी कुठे उभा आहे, हेच मला कळेना. माझ्या घरात असं काही तयार होत होतं आणि मला पत्ता नाही! आणि त्यावर तू पिरपिर घातलीस?”

“पिरपिर काय, पिरपिर? तिथे बाईला उत्तर मिळतं! ती हाक मारतेय, कुणी ओ द्यायला नको?”

“नको! ओ न मिळण्यातच गाणं आहे!”

“तुमचं काहीतरीच!” लेक ओरडली, आणि ओरडता ओरडता हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “खोटं कौतुक करणारा माणूस बासरीवरून भांडत नाही, बाबा.”

तिने तिथूनच स्टुडिओत फोन लावला. “हो, मीच बोलतेय. येतेय मी. आजच दुकानात सांगते.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने लाल झालेल्या बापाकडे पाहिलं.

“बाबा? भांडले!” ती फोनमध्ये म्हणाली. “अहो, चांगले कडाडून भांडले माझ्याशी!” आणि हे सांगताना तिचा आवाज असा चढला, की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून आत डोकावू लागली.