मावुलीच्या पाठीवरच्या रेघा

केटा गावाच्या खाडीकाठी मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या अकोर्फाने नवऱ्याच्या, मावुलीच्या, पाठीवर पांढरे खवले पाहिले आणि ही नणंद एसिनामचीच करणी म्हणून तिला घराबाहेर काढलं. मग रोज संध्याकाळी मावुलीला अंगणात बसवून ती त्याची पाठ काथ्याच्या घासणीने खसाखसा घासायची. खवले गळायचे आणि आधीपेक्षा जास्त उगवायचे.

शेवटी नाइलाजाने ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

“सोरायसिस आहे हा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “करणीबिरणी काही नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. मलम देते. पण या लांबच लांब रेघा कसल्या? कातडी सोलवटली की हा तिथेच नव्याने उगवतो. कोण ओरबाडतं तुम्हाला?”

“मीच खाजवतो,” मावुली खाली बघत म्हणाला.

“पाठीच्या मधोमध? तिथवर हात पोचतो तुमचा?”

बाहेर आल्यावर अकोर्फा म्हणाली, “इतकं दुखत होतं तर एकदा तरी बोलायचंस.”

“बोललो होतो,” मावुली म्हणाला. “तू म्हणालीस, ही एसिनामची करणीच बोलतेय.”